गर्भवतीची काळजी आणि भगिनींची सोबत

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या गुलमंडी येथील वार्षिक संमेलनात महिला शाखेच्या वतीने झालेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो, वधूवरांचा परिचय होतो, ज्येष्ठांचा सत्कार होतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु थोडा विचार केला तर असे दिसेल की, विवाह जुळेपर्यंत संस्था आपल्या मुलींच्या सोबत असते, आणि त्या मुलींच्या मुलांच्या हाती गुणपत्रिका आली की पुन्हा भेटते. या दोहोंच्या मध्ये प्रत्येक घरी जो एक नऊ महिन्यांचा काळ येतो, त्या काळात मात्र संस्था कोठेच नसते. त्या नऊ महिन्यांविषयी आज चार शब्द बोलावेत आणि शेवटी संस्थेपुढे एक लहानशी मागणी ठेवावी, असे आम्ही महिला शाखेच्या भगिनींनी ठरविले आहे.

हा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असे काही वडीलधाऱ्यांस वाटेल. त्यांचा मान राखूनच आम्ही म्हणतो की, ज्या विषयावर चारचौघांत बोलले जात नाही, त्याच विषयावर स्त्री एकटी रात्ररात्र विचार करीत पडते. पहिलटकरणीच्या मनात काय काय नसते? पोटात दुखते आहे ते साधे की काळजीचे? काल दिवसभर बाळ फारसे फिरले नाही, हे कोणास सांगावे? मागच्या खेपेस तिसऱ्या महिन्यात सगळे संपले, तसे पुन्हा होणार नाही ना? कळा सोसवतील का? शस्त्रक्रिया करावी लागली तर एवढा खर्च कोठून आणावा? नोकरीवर परत घेतील का? आणि सर्वांत खोल दडलेला, ओठांवर सहसा न येणारा प्रश्न हा की, मुलगी झाली तर घरातल्या माणसांचे चेहरे कसे होतील? यांपैकी एकही प्रश्न वेडगळ नाही. परंतु ते विचारण्याची जागाच नसेल, तर प्रश्नाची चिंता होते आणि चिंतेची भीती.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट कळत नव्हती असे नाही. तिसऱ्या महिन्यातील चोरओटीची रीत पाहावी. बातमी अजून बाहेर फोडावयाची नाही, पण तिला एकटीही ठेवावयाचे नाही, म्हणून चार जिव्हाळ्याच्या बायकांनी गुपचूप ओटी भरावयाची. पुढे पाचव्या अगर सातव्या महिन्यात डोहाळजेवण, कधी झोपाळ्यावर, कधी बागेत, तर कधी चांदण्यात. हिरवे लुगडे, फुलांची वाडी, तिच्या आवडीचे पदार्थ आणि गाणी. मग पहिल्या बाळंतपणास माहेर. तेथे आजी जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवीत बसे, आणि आई डिंक, अळीव, बाळंतशेपा यांची जमवाजमव करी. या सर्व विधींतील सोने-चांदी, जेवणावळी बाजूला केल्या तर मागे एकच गोष्ट उरते, ती ही की, दोन जिवांच्या बाईभोवती दुसऱ्या बायका बसलेल्या असल्या पाहिजेत.

गुलमंडी, मछली खडक, कुंभारवाडा, औरंगपुरा या आपल्या जुन्या वस्तीतील वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे अधिक सांगावयास नको. एका चौकाभोवती पाचसहा बिऱ्हाडे असत. एकाच वेळी दोघीतिघींना दिवस असणे नवलाचे नव्हते. पाणी भरताना, पापड लाटताना, निवडणे-टिपणे करताना एकीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसरीस न विचारता मिळून जाई.

तथापि त्या काळाचे केवळ गोडवे गाऊन थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या वाड्यांत सोबत होती, पण ज्ञान नव्हते. अंधाऱ्या खोलीत, कळकट चिंध्यांवर, न धुतलेल्या हातांनी बाळंतपणे होत, आणि ज्या बायका सकाळी डोहाळ्यांची गाणी म्हणत, त्यांच्यावरच पुढे त्या सखीला निरोप देण्याची वेळ येई. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि योग्य उपचारांअभावी तो दहा दिवसांतच गेला. त्या दुःखातून त्या वैद्यक शिकावयास अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषयही आपल्याकडील प्रसूतिशास्त्र हाच होता.

आज परिस्थिती पालटली आहे. आपल्या शहरात १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. त्याचे रुग्णालय सारा मराठवाडा ‘घाटी’ या नावाने ओळखतो, आणि अडलेली बाळंतीण घेऊन दूरदूरच्या तालुक्यांतून माणसे तेथे येतात. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील शंभरांपैकी सुमारे ९५ बाळंतपणे रुग्णालयात अगर आरोग्य केंद्रात होतात. २०१८ ते २० या काळात आपल्या राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जन्मांमागे ३३ एवढे खाली आले होते. त्याच काळात साऱ्या देशाचे प्रमाण ९७ होते. ही प्रगती लहान नव्हे, आणि तिच्यासाठी झटलेल्या डॉक्टर, परिचारिका व आशाताईंचे ऋण आपण मानले पाहिजे.

पण ज्ञान घरापर्यंत आले, तेव्हाच सोबत घरातून निघून गेली. सिडकोची वसाहत उभी राहिली, हडको, गारखेडा, सातारा परिसर, वाळूज येथवर शहर पसरले, आणि गुलमंडीच्या वाड्यातील मुले तेथे राहावयास गेली. सासूबाई गुलमंडीत, सूनबाई सिडकोत, माहेर जालन्यास अगर नांदेडला आणि यजमान दिवसभर कारखान्यात, असे आज पुष्कळ घरांचे चित्र आहे. डॉक्टर महिन्याकाठी दहा मिनिटे देतात, कारण बाहेर आणखी चाळीस जणी बसलेल्या असतात. उरलेल्या एकोणतीस दिवसांत ती बंद सदनिकेत भ्रमणध्वनीवर कोणाकोणाचे बाळंतपण कसे बिघडले, याच्या कहाण्या पाहत बसते. जुन्या काळी सोबत होती आणि ज्ञान नव्हते. आज ज्ञान आहे आणि सोबत नाही. या दोहोंची गाठ कशी घालावी, एवढाच आजच्या भाषणाचा मुद्दा आहे.

आमचे म्हणणे असे की, ही गाठ गर्भवती भगिनींनी एकत्र बसल्यानेच पडते. हा केवळ भाबडा आशावाद नाही, हे दाखविण्यासाठी काही उदाहरणे देतो.

मराठवाड्याच्या सीमेस लागूनच जामखेड तालुका आहे. तेथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने ग्रामीण आरोग्याचे काम आरंभिले. त्यांनी रुग्णालय काढले, परंतु खरा भार गावोगावच्या अल्पशिक्षित व निरक्षर स्त्रियांवर टाकला. या स्त्रिया जामखेडला एकत्र येत, आपापल्या गावातील अडचणी एकमेकींस सांगत, शिकत आणि परत जाऊन गावात महिला मंडळ भरवीत. गर्भवतीची तपासणी, आहार, स्वच्छ बाळंतपण, बाळाची निगा हे विषय अशा रीतीने स्त्रियांच्याच तोंडून स्त्रियांपर्यंत पोहोचले. १९७१ साली त्या गावांतील अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी १७६ होते. १९९० नंतरच्या दशकाअखेर ते तिशीच्या आत आले. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरे उदाहरण नेपाळमधील मकवानपूर जिल्ह्याचे. तेथे गावातीलच एका साक्षर स्त्रीने महिन्यातून एकदा बायकांना जमवावयाचे, एवढीच योजना होती. ती व्याख्यान देत नसे, प्रश्न विचारी. बाळंतपणात आपल्याकडे काय अडते, आणि त्यावर आपण काय करू शकतो? उत्तरे बायकांनीच शोधली. कोठे पैशांचा लहानसा निधी जमविला, कोठे आजारी बाईस वाहून नेण्यासाठी डोलीची सोय केली, कोठे स्वच्छ बाळंतपणाचे साहित्य आणून ठेवले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, अशी मंडळे असलेल्या भागात नवजात बालकांचे मृत्यू शेकडा ३० कमी झाले. झारखंड व ओडिशा येथील आदिवासीबहुल भागात ‘एकजुट’ या संस्थेने हीच पद्धत चालविली. तेथील कामाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. शेवटच्या दोन वर्षांत नवजात मृत्यू शेकडा ४५ कमी झाल्याचे त्यांतून दिसले, आणि तिसऱ्या वर्षी मातांमधील मध्यम स्वरूपाचे नैराश्य शेकडा ५७ कमी आढळले. ही शेवटची संख्या आम्हांस विशेष बोलकी वाटते. तेथे मनाचे कोणी डॉक्टर गेले नव्हते. बायका महिन्याकाठी एकत्र बसल्या, गोष्टी सांगितल्या, खेळ खेळल्या आणि एकीचे ओझे दहा जणींनी वाटून घेतले.

कोणी म्हणेल की ही खेड्यापाड्यांची उदाहरणे झाली, शहरात काय? प्रश्न रास्त आहे. मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ ते २००९ या काळात असाच प्रयोग झाला, परंतु मंडळे असलेल्या व नसलेल्या वस्त्यांतील मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. ही गोष्ट आम्ही लपवीत नाही, कारण तीतही शिकण्यासारखे आहे. २०१३ साली चार देशांतील सात प्रयोगांचा एकत्र विचार करण्यात आला. तेव्हा असे दिसले की, जेथे गर्भवतींपैकी शेकडा तीस अगर अधिक जणी मंडळात येत होत्या, तेथे नवजात मृत्यू शेकडा ३३ आणि मातामृत्यू सुमारे निम्म्याने कमी झाले. मंडळ नावापुरते असून भागत नाही. जिच्यासाठी ते आहे, ती तेथे आली पाहिजे. पुढे २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा महिला मंडळांची शिफारस केली, ती मुख्यतः सोयी कमी असलेल्या ग्रामीण भागासाठी.

शहरी जीवनाचे उदाहरण अमेरिकेत सापडते. शॅरन शिंडलर रायझिंग या परिचारिका-सुईणीने १९९० नंतरच्या दशकात एक पद्धत रूढ केली. एकाच सुमारास बाळंत होणाऱ्या आठ ते बारा स्त्रियांनी एकत्र यावे. प्रत्येकीची तपासणी त्याच खोलीच्या एका कोपऱ्यात व्हावी आणि उरलेला वेळ सर्वांनी वर्तुळात बसून बोलावे. २००७ साली एक हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पद्धतीने तपासणी झालेल्या शंभरांपैकी सुमारे १४ जणींचे बाळंतपण दिवस भरण्यापूर्वी झाले, तर एकत्र बसणाऱ्यांत हे प्रमाण १० च्या आत राहिले. औषधोपचार तेच होते. वाढली होती ती एकमेकींची संगत.

प्रत्यक्ष कळांच्या वेळचीही तीच कथा आहे. ग्वाटेमाला देशातील एका रुग्णालयात, पूर्वीची काही ओळख नसलेली एक साधी बाई कळा देणाऱ्या स्त्रीजवळ नुसती बसवून ठेवण्यात आली. ती पाठ चोळी, हात धरी, धीर देई. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा स्त्रियांच्या कळांचा काळ जवळजवळ निम्म्यावर आल्याचे आढळले. पुढे अनेक देशांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवरील अभ्यासांचा मेळ घालण्यात आला. सतत सोबत असलेल्या स्त्रियांच्या कळांचा काळ कमी होतो आणि शस्त्रक्रियेची वेळ कमी जणींवर येते, असेच त्यातूनही दिसून आले. आपल्या केंद्र शासनानेही २०१६ साली सरकारी प्रसूतिगृहांत गर्भवतीजवळ एक सोबतीण राहू द्यावी, अशी सूचना केली.

आता काही आक्षेपांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की, घाबरलेल्या दहा बायका एकत्र बसल्या तर भीती दहापट वाढेल. नुसत्या कहाण्या सांगितल्या तर तसे होईलही. म्हणून बैठकीस दोन व्यक्ती हव्यात. एक, शांत स्वभावाची लेकुरवाळी, जी बोलणे मार्गावर ठेवील. आणि दुसरी, ज्ञातीतील अगर शेजारातील एखादी परिचारिका किंवा डॉक्टर, जी चुकीची समजूत तेथल्या तेथे दुरुस्त करील. भीतीतून काय करावे हे निघाले की भीती उरत नाही, तिची तयारी होते.

दुसरा आक्षेप नजर लागण्याचा. तीन महिने पुरे होईपर्यंत कोणास सांगू नये, अशी पद्धत आहे. तिचा मान राखावा. परंतु चोरओटीच्या रीतीनेच दाखविले आहे की, गुप्तता म्हणजे एकटेपण नव्हे. ज्या पहिल्या तीन महिन्यांत ओकाऱ्या, अशक्तपणा आणि शंका सर्वांत अधिक असतात, त्याच महिन्यांत तिला एक तरी विश्वासाची सखी हवी. आणि गर्भ राहिला नाही, तर ते दुःखही तिने एकटीने गिळू नये.

यातूनच एक नाजूक गोष्ट निघते. ओटी भरावयास लेकुरवाळी सवाष्णच हवी, या समजुतीने आपण कोणाकोणास मागे बसवितो? जिचे मूल गेले तिला, जिला मूल झाले नाही तिला आणि विधवा भगिनीस. जिचे बाळ गेले, तिला धोक्याच्या खुणा इतर सर्वांहून अधिक ठाऊक असतात. तिचे शब्द एखाद्या दुसऱ्या बाळाचे प्राण वाचवू शकतील. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि ज्यांना जगाने दार बंद केले होते, अशा गर्भवती विधवांना आधार दिला. तेथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतले आणि तो पुढे डॉक्टर झाला. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी आपण ओटीच्या पाटाजवळ कोण यावे याचीच चर्चा करीत बसलो, तर ते शोभणारे नाही. आमच्या बैठकीत या भगिनी मागे बसणार नाहीत.

दुसरी नाजूक गोष्ट मुलगा-मुलगीची. डोहाळजेवणात दोन वाट्यांखाली पेढा व बर्फी झाकून ठेवण्याचा खेळ आपण सर्वांनी पाहिला आहे. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खेळ म्हणून तो गंमतीचा वाटतो. पण कोणत्या वाटीस मोठा हशा आणि टाळ्या मिळतात, हे पाटावर बसलेल्या सुनेचे कान अचूक टिपतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली होत्या. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला, आणि १९९४ साली तो साऱ्या देशासाठी झाला; तरीही ही स्थिती आली. मूल मुलगा होणार की मुलगी, हे पित्याच्या बीजावरून ठरते, हे विज्ञान शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. मग दोष मातेच्या माथी का? आमच्या डोहाळजेवणात यापुढे दोन्ही वाट्यांखाली एकच गोड पदार्थ असावा, अशी आमची सूचना आहे. जिला दोन मुलींवर तिसऱ्यांदा दिवस आहेत, तिने भरल्या बैठकीत निर्भयपणे बोलावे आणि दहा जणींनी तिच्या पाठीशी उभे राहावे, हीच या मंडळाची खरी कसोटी ठरेल.

आता प्रत्यक्ष योजना सांगतो. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, बाजाराची गर्दी वाढण्यापूर्वी, गर्भवती भगिनींची बैठक व्हावी. सणासुदीच्या दिवसांत गुलमंडीत पाय ठेवावयास जागा नसते आणि रिक्षा गल्लीपर्यंत येत नाही, म्हणून एका महिन्यास गुलमंडीत तर पुढील महिन्यास सिडकोत ती भरावी. जागा तळमजल्यावरची, हवेशीर, पाण्याची व स्वच्छतागृहाची सोय असलेली असावी. ज्या दोघींचे दिवस जवळजवळ भरणार असतील, त्यांची जोडी लावावी. त्यांनी दिवसाआड एकमेकींची विचारपूस करावी आणि तपासणीस शक्यतो मिळून जावे. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेस सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते, तिचाही लाभ घ्यावा.

बैठकीचे नियम चारच. येथे बोललेले बाहेर न्यावयाचे नाही. डॉक्टरांस विचारल्याशिवाय कोणी कोणास औषध अगर काढा सुचवावयाचा नाही. गर्भाच्या लिंगाविषयी चर्चा करावयाची नाही. आणि धोक्याची खूण दिसली तर बैठकीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावयाचे. त्या खुणा प्रत्येकीस पाठ असाव्यात: अंगावरून रक्त जाणे, न थांबणारी डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज, झटके, ताप, दिवस भरण्यापूर्वी पाणी जाणे आणि बाळाची हालचाल मंदावणे. यांतील कोणत्याही खुणेस ‘उद्या पाहू’ हे उत्तर नाही.

तयारी पाच बोटांवर मोजावी. ठिकाण, वाहन, पैसा, रक्त आणि सोबत. कोणत्या रुग्णालयात जावयाचे आणि तेथे न जमल्यास दुसरे कोणते, हे सातव्या महिन्यातच ठरवावे. रात्री-अपरात्री कोणाचे वाहन येईल हे लिहून ठेवावे, आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातील लहान मुलासही ठाऊक असावा. मातृवंदना योजना, जननी सुरक्षा योजना यांचे कागद वेळेवर भरावेत. रक्तगट पाहून दोन रक्तदाते आधीच सांगून ठेवावेत. आणि कळांच्या वेळी जवळ कोण राहील, हे त्या स्त्रीने स्वतः ठरवावे. जुन्या बाळंतविड्यातील दुपटी-टोपडी अवश्य असावीत, परंतु त्याच पिशवीत तपासणीचे कार्ड व अहवालही असावेत. लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यावयाच्या असतात. महाराष्ट्रातील जवळजवळ निम्म्या गर्भवतींच्या अंगात रक्त कमी असते, म्हणून ‘आज गोळी घेतलीस का?’ एवढा सखीचा प्रश्नही मोलाचा ठरतो. बाळ जन्मताच तासाभरात त्यास आईचे दूध मिळावे; मध अगर घुटी चाटवू नये, हे आजीबाईंनाही प्रेमाने समजावून द्यावे. त्यासाठी एका बैठकीस सासूबाईंनाच आमंत्रण असावे; त्या शत्रू नव्हेत, त्यांनाही कोणी कधी बसवून नीट सांगितलेले नसते.

बाळंतपणानंतर जोडी मोडू नये. सवा महिन्याच्या खोलीत पुष्कळ जणींना विनाकारण रडू येते, झोप उडते, बाळाविषयी माया वाटत नाही म्हणून अपराधी वाटते. हे नखरे नव्हेत, आजार असू शकतो आणि तो बरा होतो. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर शासनाची टेलि-मानस ही सेवा मिळते. तो क्रमांक सखीने लावून दिला, तर तोही मोठाच आधार.

बंधुवर्गास आमची विनंती वेगळी आहे. बैठकीत आपण येऊ नये, पण बैठकीबाहेरचे काम आपले. ज्ञातीतील तरुणांनी रक्तगटवार रक्तदात्यांची यादी करावी. प्रत्येक भागात रात्री वाहन काढू शकतील अशा दोघांची नावे द्यावीत. आणि संस्थेने गरजू भगिनींच्या प्रवासासाठी व तातडीच्या खर्चासाठी एक लहान राखीव निधी ठेवावा. एका सत्काराच्या शाली-श्रीफळांत व फलकांत जेवढे खर्च होते, तेवढ्यात या कामाची वर्षाची सुरुवात होईल.

शेवटची गोष्ट ज्ञातीच्या व्यासपीठावरूनच सांगितली पाहिजे. जामखेडच्या आरोग्य कार्यकर्त्यांत अनेक जणी दलित होत्या. ज्या घरांच्या उंबऱ्याच्या आत त्यांना पूर्वी येऊ दिले जात नव्हते, त्याच घरांतील बाळंतिणींच्या उशाशी त्या पुढे बसल्या. अडलेल्या वेळी हात कोणाचा, हे कोणी विचारीत नाही. रक्ताच्या पिशवीवर गट लिहिलेला असतो, ज्ञाती लिहिलेली नसते. म्हणून या बैठकीची चटई आपली संस्था घालील, पण तीवर बसण्यास गल्लीतील कोणत्याही घरच्या गर्भवतीस मज्जाव नसावा. शेजारची मुस्लिम भगिनी, भाड्याच्या खोलीत राहणारी परगावची मजूर स्त्री, या आल्या तर आपली बैठक लहान होणार नाही, मोठीच होईल. ज्ञातिसंस्था आपल्या माणसांची काळजी वाहण्यासाठी निघाली, हे खरे. परंतु आपली माणसे कोण, याचे उत्तर प्रत्येक पिढीस नव्याने द्यावे लागते.

आमची मागणी एवढीच आहे. येत्या वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत या बैठकीस बारा दिवस द्यावेत, एक स्वच्छ जागा द्यावी आणि थोडा निधी द्यावा. उरलेले आम्ही करू. आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत किती बैठका झाल्या यापेक्षा, किती जणींनी ‘मी एकटी नव्हते’ असे सांगितले, त्याचा वृत्तान्त छापावा.

ज्या भगिनींना आज दिवस आहेत आणि ज्या या सभेत बसल्या आहेत, त्यांना आम्ही सांगतो: बाई, तुझी भीती लाजिरवाणी नाही, तुझा प्रश्न क्षुल्लक नाही, आणि तुझे बाळ, मुलगा असो वा मुलगी, आम्हां सर्वांचे आहे. सुखरूप बाळंत हो.